आजार सरतो, देणे उरते



पुण्याच्या सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे जाऊ लागले की धायरीच्या पुढे नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावे लागतात. त्यांना गावे म्हणायचे ते केवळ सवयीने. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात आलेल्या तरुणांनी तेथील खोल्या भरून गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये या पट्ट्यातील धडधाकट माणसे एकाएकी पांगळी होऊ लागली. महिनाअखेरपर्यंत रुग्णांची संख्या शंभरावर गेली आणि मार्चपर्यंत पुणे परिसरातील निश्चित व संशयित रुग्ण मिळून ती सव्वादोनशेच्या घरात पोचली. सुमारे डझनभर माणसे दगावली. ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे त्या दिवसांत भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी झाली.

हा आजार नवा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांच्या लुळेपणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी पहिल्या दोघांची नावे रोगाला चिकटली. स्ट्रोल बिचारा मागे पडला. एखाद्या जंतूशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिद्रव्ये तयार केली, तीच चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात, कारण जंतूच्या कवचावरील आणि मज्जातंतूवरील काही रेणूंची ठेवण सारखी असते. जुलाब घडविणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तोच सापडला. काहींत नोरोव्हायरसही सापडला. रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेलेला जंतू मात्र पुष्कळांच्या पोटात एकाच वेळी जाऊ शकतो.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रातिनिधिक कुटुंब’ नावाची एक सोयीस्कर कल्पना असते. ते कुटुंब कोठेच राहत नाही, परंतु त्याच्या खर्चाचा हिशेब मांडता येतो. या विषयापुरते असे एक कुटुंब कल्पावे. सांगोला तालुक्यात तीन एकर कोरडवाहू जमीन. बाप, आई, लग्नाची मुलगी आणि बावीस वर्षांचा मुलगा. मुलाने अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे. तो पुण्यात एका गोदामात ठेकेदाराकडे काम करतो आणि किरकटवाडीत तिघा मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. जानेवारीत त्याला दोन दिवस जुलाब होतात आणि थांबतात. आठवड्याभराने पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. दुसऱ्या दिवशी जिना चढवत नाही. गल्लीतला डॉक्टर ताकदीचे इंजेक्शन देतो. तिसऱ्या दिवशी शौचाला बसलेला मुलगा उठू शकत नाही. मित्र दार ढकलून त्याला बाहेर काढतात. चौथ्या दिवशी हातातला चहाचा कप गळून पडतो. त्याला सारे कळते, सारे ऐकू येते, शुद्ध पूर्ण असते. फक्त शरीर हुकूम मानीत नाही. मित्र त्याला रिक्षात घालून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेतात, कारण ते जवळ असते. तेथे पहिला प्रश्न अनामत रकमेचा निघतो.

हा मुलगा बरा होतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. या रोगाची माणसे बहुतांशी बरी होतात. दर पाचांतील सुमारे चार रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास, म्हणजे लहान म्हणता येत नाही, पण जगणारे अधिक. मात्र पाचांपैकी किमान एकाला श्वासाचे स्नायू दुबळे झाल्यामुळे काही दिवस ते काही आठवडे व्हेंटिलेटरवर राहावे लागते, आणि तेवढ्या काळात त्याला जगविणे हेच वैद्यकाचे मुख्य काम. प्रश्न असा की शरीर जे नुकसान भरून काढते, ते घराला भरून काढता येते काय?

या रोगावर उपयुक्त ठरलेले उपचार दोन. पहिला, रुग्णाच्या रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, काढून टाकून त्या जागी दुसरा द्रव भरणे. १९८५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्याचा गुण सिद्ध झाला. दुसरा, निरोगी माणसांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्ये शिरेतून देणे. यालाच इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. १९९२ साली डच संशोधकांनी आणि १९९७ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने असे दाखविले की, दोन्ही उपचार जवळपास सारखेच गुणकारी आहेत. स्टेरॉइडचा मात्र येथे उपयोग नाही. ती आशा १९७८ पासूनच्या चाचण्यांत मावळली. दोन उपचार समान असताना इम्युनोग्लोब्युलिन अधिक वापरले जाते, ते देणे सोपे म्हणून. त्याला यंत्र लागत नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागत नाही. बाटली टांगली की झाले. सोय रुग्णालयाची होते आणि तिची किंमत रुग्ण देतो. ज्या रुग्णाला आधाराशिवाय चालता येते त्याला यांतले काही द्यावेच लागते असेही नाही. जवळून लक्ष ठेवणे पुरते. पण घाबरलेला बाप आणि बिलाचे लक्ष्य पुढ्यात असलेले रुग्णालय यांच्यामध्ये ‘थोडे थांबून पाहू’ हा सल्ला कोणी द्यायचा?

आता हिशेब मांडू. औषधाची मान्य मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅम, ती पाच दिवसांत विभागून. मुलाचे वजन साठ किलो धरले तर १२० ग्रॅम औषध, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या. पुण्यातील साथीच्या दिवसांत एका इंजेक्शनची किंमत वृत्तपत्रांतून २० हजार रुपये अशी येत होती. या दराने केवळ औषधाचे ४ लाख ८० हजार रुपये होतात. त्यात खाट, व्हेंटिलेटर, तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी धरलेल्या नाहीत. तुलनेसाठी एकच आकडा पाहावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंच्याहत्तराव्या फेरीत, २०१७-१८ साली, खाजगी रुग्णालयातील एका वेळच्या मुक्कामाचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये आढळला होता. सरकारी रुग्णालयात तो ४,४५२ रुपये होता. मधल्या काळातील भाववाढ बाजूला ठेवली तर एका औषधाचा खर्च त्या खाजगी सरासरीच्या पंधरापट निघतो. ज्या घरात वर्षाला तेवढे पैसे येत नाहीत, त्या घराला हा आकडा पाच दिवसांत उभा करावा लागतो.

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, हे सविस्तर मांडले होते. गरज केव्हा उद्भवेल हे ठाऊक नसते, विकणाऱ्याला जे ज्ञान असते ते घेणाऱ्याला नसते, आणि माल घेऊन पाहून परत करण्याची सोय नसते. किरकटवाडीच्या खोलीतून उचलून आणलेल्या मुलाचा बाप हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने ‘ग्राहक’ आहे काय? त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. भाव विचारण्याइतका वेळ नाही. ‘औषध आणून द्या’ असे लिहिलेला कागद त्याच्या हातात आहे आणि काचेपलीकडे मुलगा आहे.

परंतु या औषधाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. इम्युनोग्लोब्युलिन कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. ते माणसांच्या रक्तातून येते. एका खेपेसाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जातो आणि त्यातून प्रतिद्रव्ये, अल्ब्युमिन, रक्त गोठविणारे घटक असे एकेक वेगळे काढले जाते. एका लिटर प्लाझ्मातून ही प्रतिद्रव्ये साधारण चार-पाच ग्रॅम निघतात. १२० ग्रॅमसाठी पंचवीस-तीस लिटर प्लाझ्मा लागला. एका रक्तदात्याच्या पिशवीतून सुमारे दोनशे मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो असे धरले, तर या एका मुलाच्या उपचारामागे सव्वाशे-दीडशे रक्तदाते उभे आहेत.

हे दाते कोण? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. तेव्हापासून येथील रक्तपेढ्यांत जमा होणारे रक्त कायद्याने दानच आहे. गणेशोत्सवातल्या मांडवात, कॉलेजच्या शिबिरात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, चहा-बिस्किटावर दिलेले दान. रक्तपेढीकडे वापरून उरलेला प्लाझ्मा औषध कंपन्यांना देण्याची मुभा आहे आणि केंद्र सरकारने २०१५ साली त्याचा विनिमय दर लिटरला १,६०० रुपये ठरवून दिला होता. या दराने पंचवीस-तीस लिटरांचे चाळीस ते अठ्ठेचाळीस हजार होतात. बाहेर त्याच मालाचे झाले चार लाख ऐंशी हजार. विषाणू मारण्याची प्रक्रिया, चाचण्या, शीतसाखळी, वाया जाणारा भाग यांना खर्च येतो, हे कोणीही नाकारू नये. भारतात विकले जाणारे सगळेच औषध देशी प्लाझ्मापासून होते असेही नाही. पण त्याच लिटरातून अल्ब्युमिनसारखी इतर औषधेही निघतात आणि विकली जातात, हेही तितकेच खरे. दात्याने फुकट दिलेल्या आणि रुग्णाने दहापट भावाने घेतलेल्या वस्तूच्या मधल्या अंतराचा जाहीर हिशेब कोणाकडेच नसावा, हे नवल आहे.

रिचर्ड टिटमस या इंग्रज प्राध्यापकाने १९७० साली रक्तदानावर पुस्तक लिहून असा सिद्धान्त मांडला की, रक्त ही दानाची वस्तू राहिली तर ते अधिक सुरक्षित आणि अधिक मुबलक राहते. तिचा बाजार केला की समाजातील देण्याची वृत्तीच आटते. ॲरो यांनी १९७२ साली त्यावर आक्षेप घेतला, की विकणाऱ्याला विकू दिले म्हणून देणाऱ्याचे दान का थांबावे? हा वाद मोठा रंजक आहे. आपल्या येथील व्यवस्थेने मात्र दोघांनाही चकविले. येथे पहिले टोक टिटमसचे आणि दुसरे टोक बाजाराचे. देणाऱ्याने परोपकार करावा आणि घेणाऱ्याने सोने मोडावे. प्लाझ्मातील घटक सरकारी क्षेत्रात वेगळे काढण्याचे एक राष्ट्रीय केंद्र मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात उभारले गेले होते. म्हणजे विचार सुचला नव्हता असे नाही. देशाची गरज भागविण्याइतके ते कधी वाढविले गेले नाही.

गरीब देशांनी या बाबतीत काहीच करू नये काय? येथे ढाक्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील अतिसार संशोधन केंद्राशी संबंधित वैद्यांनी २०१८ साली वीस रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राशिवाय प्लाझ्मा बदलण्याची रीत त्यांनी वापरून पाहिली. मोठ्या शिरेतून थोडे रक्त पिशवीत घ्यायचे, पेशी खाली बसू द्यायच्या, वरचा प्लाझ्मा टाकून द्यायचा आणि पेशी परत रुग्णाला द्यायच्या. दिवसातून अनेक वेळा, सुमारे आठ दिवस. संशोधकांच्या हिशेबाने याचा खर्च पाचशे डॉलरच्या आसपास, तर इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च त्यांच्या देशात बारा हजार डॉलर आणि वर. ही रीत सुरक्षित आणि शक्य आहे एवढेच त्या लहान अभ्यासाने दाखविले. अखेरचा निर्णय मोठ्या चाचणीनेच व्हायचा. परंतु प्रश्न नेमका कोठे आहे हे त्यांनी ओळखले. पेरूमध्ये अशीच साथ आली तेव्हा जुलै २०२३ मध्ये सरकारने नव्वद दिवसांची राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी पुकारली आणि सरकारी खर्चाने इम्युनोग्लोब्युलिन खरेदी करण्याचे ठरविले. एकटा बाप औषध घेतो तेव्हा भाव दुकान ठरविते. एक सरकार घेते तेव्हा भावाची बोलणी होऊ शकते. तमिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, ते याच साध्या तत्त्वावर.

महाराष्ट्र शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पुणे महापालिका हद्दीतील रुग्णांना कमला नेहरू रुग्णालयात, पिंपरी-चिंचवडमधील रुग्णांना यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णांना ससूनमध्ये विनामूल्य उपचाराची घोषणा झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या रोगासाठी असलेली रक्कम ८० हजारांवरून १ लाख ६० हजार रुपये करण्यात आली. ससूनमधील डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्या आठवड्यांत जे काम केले, त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण दुप्पट केलेली रक्कम वरच्या हिशेबातील औषधाच्या एक-तृतीयांशच भरते. आणि घोषणा होण्यापूर्वी जे खाजगी रुग्णालयात दाखल होऊन गेले होते त्यांना, व्हेंटिलेटर लावलेल्या अवस्थेत, दुसरीकडे हलविणे सोपे नव्हते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा रोग साथ नसतानाही होतो. जगभर त्याचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे साथ असो वा नसो, दर वर्षी या राज्यात हजार-दोन हजार माणसांना हा रोग होत असला पाहिजे. ती एका रस्त्यावर राहत नाहीत. एक गडचिरोलीत, एक जतला, एक मालेगावात. त्यांच्यासाठी केंद्राचे पथक येत नाही, वार्ताहर येत नाहीत, स्वतंत्र कक्ष उघडत नाही. सव्वादोनशे माणसे एकाच परिसरात पांगळी झाली म्हणून ते संकट ठरले. विखुरलेली हजार झाली तर ते प्रत्येकाचे नशीब ठरते. आपल्या आरोग्यव्यवस्थेला गर्दी दिसते, माणूस दिसत नाही, हे पुण्याच्या साथीने जेवढे स्पष्ट केले तेवढे कोणत्याही अहवालाने केले नसेल.

आणि गर्दी तरी कशी जमली? किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत घेतली गेली. धायरी २०१७ मध्ये. कराची बिले आली. शुद्ध पाणी यायचे होते. नांदेडच्या विहिरीतील पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, केवळ क्लोरीन मिसळून परिसराला पुरविले जात होते. काही ठिकाणच्या नमुन्यांत तो क्लोरीनही आढळला नाही. खडकवासल्याचे धरण हाकेच्या अंतरावर आणि त्याचे शुद्ध केलेले पाणी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, हे दृश्य महाराष्ट्रात नवे नाही. साथ आल्यावर महापालिकेने खाजगी पाणी प्रकल्पांना टाळे लावले, हे योग्यच झाले. पण नळाला भरवशाचे पाणी असते तर वीस लिटरच्या जारचा धंदा तेथे चालला असता कशाला? कोंबडीच्या मांसाचीही चर्चा पुष्कळ झाली आणि चार दिवस खाटकांचे हाल झाले. जाब विचारावा तर कोणाला? मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. साथीच्या काळात त्या वस्तीला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. पाण्यातला दोष सार्वजनिक, त्याचा निर्णय घेणारी संस्था सार्वजनिक. बिल तेवढे खाजगी.

प्रातिनिधिक कुटुंबाकडे परत येऊ. बाप सांगोल्याहून एस. टी.ने आला तेव्हा त्याच्याजवळ ज्वारीच्या पट्टीचे आणि हातउसने घेतलेले मिळून पन्नास हजार होते. ते पहिल्या दिवशी संपले. मुलीच्या लग्नासाठी केलेले दागिने सोनेतारण कर्जात गेले. एक एकर भावकीतल्याकडे गहाण पडले. मित्रांनी फोनवरून आवाहन फिरविले. त्यात मुलाचा नळ्या लावलेला फोटो घातला. लोक देतात, हे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु ज्याचे मित्र अधिक, ज्याचा फोटो अधिक करुण, ज्याला चार ओळी इंग्रजी लिहिता येते त्याला अधिक मिळते. ही सोडत आहे. आवाहन ज्याच्यापर्यंत पोचले नाही अशा देणाऱ्याचा दोष नाही, आणि ज्याच्याजवळ फोन नाही अशा मागणाऱ्याचाही नाही.

धर्मादाय रुग्णालयांचीही वाट आहे, निदान कागदावर. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवायच्या आहेत, आणि बिलांच्या रकमेतून दोन टक्के वेगळे काढून निर्धन रुग्णांचा निधी ठेवायचा आहे. या तरतुदीची माहिती सांगोल्याच्या बापाला रुग्णालयाच्या कोणत्या खिडकीवर मिळाली? बहुधा ती शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मेहुण्याने दिली असेल, आणि तोवर उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलदाराकडे माणूस धाडण्याइतका वेळ उरला नसेल.

मुलगा चोविसाव्या दिवशी घरी येतो. येथपर्यंतच्या खर्चाला निदान पावत्या आहेत. यापुढच्या खर्चाला पावती नाही. मज्जातंतूंचे केवळ वरचे आवरण झिजले असेल तर काही आठवड्यांत, काही महिन्यांत बळ परत येते. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर ज्याने त्याने मोजून पाहावे. या काळात मुलाला कुशीवर वळविणे, न्हाऊ घालणे, दिवसातून तीन वेळा हातापायांचे सांधे हलविणे हे काम आई करते. तिची खुरपणीची मजुरी बुडते. तिचे बुडणे कोणत्याही बिलात धरले जात नाही, आणि आईची घरातली सेवा राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी. मुलाला गाडीवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून न्यायचे. आरोग्य योजना रुग्णालयातील मुक्कामाभोवती रचलेल्या आहेत. बरे होणे हे मात्र घरी घडते, आणि तेथे कोणतीही योजना पोचत नाही.

वेतन बुडणे हाही आजाराचा खर्चच आहे, हे तत्त्व या देशाने कधीचेच मान्य केले आहे. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने विमेदार कामगाराला आजारपणात रोख लाभ दिला; आज तो वेतनाच्या सत्तर टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, आणि काही दीर्घ आजारांत त्यापुढेही. गोदामातल्या मुलाचे नाव ठेकेदाराने हजेरीपटावर नीट लावले असते तर तो या कायद्यात आला असता. त्याच्या तीन महिन्यांच्या भाकरीचा प्रश्न औषधाने सोडविला नसता. एका नोंदीने सोडविला असता. तेव्हा कामगार संघटनेचे काम आणि आरोग्याचे काम ही दोन कामे आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी हेही पाहावे की पैसा खर्च होतच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट आपल्या खिशातून दिला. २०१३-१४ मध्ये हा भाग ६४.२ टक्के होता. घट झाली आहे आणि ती मान्य केली पाहिजे. त्याच २०२१-२२ मध्ये सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले होते. आणि पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे भोर समितीने १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, लिहून ठेवले होते. राज्यातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्लाझ्मा बदलण्याचे एक यंत्र आणि ते चालविणारे दोन तंत्रज्ञ कायम असावेत, इम्युनोग्लोब्युलिन राज्याने एकगठ्ठा घ्यावे, दान केलेल्या प्लाझ्माचा दर आणि त्यापासून झालेल्या औषधाचा दर दोन्ही एकाच कागदावर जाहीर व्हावेत, एवढ्यासाठी अडीच टक्के होण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

जुलैत मुलगा काठी घेऊन बांधापर्यंत जाऊ लागतो. बोटांत पूर्वीचे बळ नाही. सदऱ्याची बटणे आई लावते. गोदामातली जागा भरली आहे. बहिणीचे लग्न पुढच्या वर्षावर गेले आहे आणि सोनेतारणाचे व्याज दर महिन्याला भरायचे आहे. रुग्णालयातून सोडताना दिलेल्या कागदावर शेवटची ओळ अशी असते, की सहा महिन्यांनी मज्जातंतूंची तपासणी करून घ्यावी. त्या तपासणीची फी, दोघांचे एस. टी.चे भाडे आणि बुडालेली दिवसाची मजुरी यांची बेरीज बाप तोंडी करतो, आणि तो कागद पुन्हा घडी घालून पत्र्याच्या पेटीत, गहाणखताच्या खाली, ठेवून देतो.